सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ: आखणी आणि सुधारणा

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांना मोठा इतिहास आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. आणि तालुक्याच्या गावीही शंभरी ओलांडलेली वाचनालये दुर्मिळ नाहीत. या इतिहासाचा अभिमान रास्तच आहे, परंतु संकेतस्थळ काढायचे ठरले की त्याची आखणी बहुधा या अभिमानापासूनच सुरू होते आणि तिथेच घोडे पेंड खाते. मुखपृष्ठावर संस्थापकांची तसबीर, तिच्याखाली अध्यक्षांचे मनोगत, त्याखाली कार्यकारी मंडळाची छायाचित्रे पदांच्या क्रमाने. आणि देवघेव विभाग सायंकाळी किती वाजता बंद होतो, हे मात्र कुठेच नाही. संकेतस्थळ स्मरणिकेसारखे न आखता देवघेवीच्या टेबलासारखे आखावे, एवढी एक गोष्ट मंडळाने पहिल्याच बैठकीत मान्य केली, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

त्यासाठी आधी संगणकाला हात लावण्याची गरज नाही. देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवावी आणि दोन आठवडे समोर आलेल्या व दूरध्वनीवरून विचारणा करणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत तीत टिपून ठेवण्यास कर्मचाऱ्यांना सांगावे. आज चालू आहे का, अनामत किती, परगावी बदली झाली तर अनामत परत कशी मिळते, अभ्यासिकेत जागा आहे का, दिवाळी अंकांची योजना कधी सुरू होते, जुनी पुस्तके देणगी म्हणून घेता का, अमुक पुस्तक आहे का, असे प्रश्न थोड्याफार फरकाने सगळीकडे सापडतील. ही वही म्हणजेच संकेतस्थळाचा आराखडा होय. जो प्रश्न सर्वाधिक वेळा आला, त्याचे उत्तर मुखपृष्ठावर. जे वारंवार आले, त्यांची स्वतंत्र पाने. आणि जो कोणीच विचारला नाही, त्याचे पान इतर सर्व झाल्यावर. अभ्यासिका हे पान अनेक वाचनालये विसरतात, वास्तविक स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले हा आज तिथे रोज येणारा मोठा वर्ग आहे आणि शुल्क, वेळ, बैठकव्यवस्था व रिकाम्या जागा यांची माहिती तो वर्ग फोनवरच शोधतो.

मुखपृष्ठाचा पहिला परिच्छेद कसा असावा, हे एका नमुन्यावरून स्पष्ट होईल. ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे. ज्ञानाच्या या मंदिरात...’ अशी सुरुवात वाचकाला काहीच देत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘देवघेव विभाग सकाळी ८ ते ११ आणि सायंकाळी ५ ते ८. सोमवारी बंद. अभ्यासिका रोज सकाळी ७ ते रात्री १०. सभासद होण्यासाठी ओळखपत्राची प्रत, दोन छायाचित्रे आणि अनामत रक्कम घेऊन यावे.’ चार वाक्यांत निम्मे दूरध्वनी कमी होतात. त्याखाली पत्ता लिहिताना गावातले लोक सांगतात तशी खूण द्यावी, आणि दूरध्वनी क्रमांक चित्रात न घालता अक्षरांत, बोट लावताच फोन लागेल असा द्यावा.

नाव कोणाच्या नावावर?

आखणीतील सर्वांत दुर्लक्षित आणि पुढे सर्वांत महाग पडणारा भाग म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची मालकी. ओळखीतला एखादा तरुण उत्साहाने पत्ता स्वतःच्या नावावर घेतो, किंवा काम करून देणारा व्यावसायिक तो आपल्याच खात्यात ठेवतो. काही वर्षांनी तरुण पुण्याला किंवा परदेशी जातो, व्यावसायिक धंदा बदलतो, मंडळ बदलते, आणि नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते ती कोणीच उघडत नाही. मुदत संपलेली अशी नावे उचलून त्यांवर जुगाराच्या जाहिराती लावणारे टपूनच बसलेले असतात, आणि मग शतकोत्तर संस्थेच्या नावाखाली पत्त्यांचे डाव दिसू लागतात. म्हणून पत्ता संस्थेच्या नोंदणीकृत नावाने, संस्थेच्याच ईमेलवर घ्यावा; पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे आणि लिफाफ्यात बंद करून कपाटात असावा; पत्ता एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येतो, तेव्हा निदान पाच वर्षांचे पैसे एकदम भरावेत; आणि नूतनीकरणाची तारीख कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवावी. इमारतीच्या घरपट्टीची आठवण जशी कोषाध्यक्षांकडे असते, तशीच हीही असावी.

देवनागरीतील ‘.भारत’ हे पत्ते २०१४ पासून मिळू लागले. ते घेण्यास हरकत नाही, मात्र मुख्य पत्ता रोमन लिपीतील ‘डॉट ओआरजी’ किंवा ‘डॉट इन’ असावा आणि देवनागरी पत्ता त्याच्याकडे वळवावा, कारण देवनागरी पत्त्यावरचा ईमेल स्वीकारण्यास अनेक अर्ज आणि प्रणाली अजून नकार देतात. पत्त्याला एचटीटीपीएसचे सुरक्षाप्रमाणपत्र हवेच. २०१८ पासून क्रोम ब्राउझर ते नसलेल्या संकेतस्थळावर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवतो, आणि ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारख्या संस्थेकडून ते विनामूल्य मिळते. त्यासाठी कोणी दरवर्षी स्वतंत्र रक्कम मागत असेल, तर कशासाठी ते जरूर विचारावे.

मराठी मजकूर आणि ग्रंथयादी

आता खऱ्या कामाकडे. ग्रंथयादी हाच वाचनालयाच्या संकेतस्थळाचा प्राण, आणि बहुतेकांच्या अडचणीही इथेच सुरू होतात. अनेक वाचनालयांनी दाखल नोंदवह्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच संगणकावर चढवल्या, पण त्या श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत (फाँटमध्ये). त्या टंकांत पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरे व चिन्हेच साठवलेली असतात. त्यामुळे तो मजकूर तसाच संकेतस्थळावर टाकला, तर ज्याच्याकडे तो टंक नाही त्याला निरर्थक चिन्हे दिसतात आणि गूगललाही त्यातले काही कळत नाही. कागदावरची यादी स्कॅन करून पीडीएफ टाकण्याची पळवाटही तितकीच निरुपयोगी आहे, कारण ते केवळ चित्र असते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, रूपांतरित करणे, हाच एक मार्ग आहे.

रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्यांच्या भरवशावर सगळी यादी एका रात्रीत टाकू नये. जुन्या टंकांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असे. युनिकोडमधला क्रम नेमका उलट आहे. त्यामुळे रूपांतरात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जातात आणि रफार भरकटतात. मराठीचा खास ‘ऱ्य’ तर हमखास बिघडतो आणि ‘दऱ्याखोऱ्या’चे ‘दर्याखोर्या’ होते. दोनशे नोंदींचा एक नमुना आधी रूपांतरित करून ग्रंथपालांनी तो मूळ नोंदवहीशी ओळीने ताडून पाहावा, वारंवार होणाऱ्या चुका शोधा-बदला आज्ञेने दुरुस्त कराव्यात, आणि मगच उरलेली यादी हाती घ्यावी.

याहून फसवी अडचण ‘ॲ’ची आहे. युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत किंवा हिंदीसाठीचे ‘ऍ’ वापरीत. परिणामी ‘ॲटलास’, ‘अॅटलास’ आणि ‘ऍटलास’ हे एकाच शब्दाचे तीन अवतार एकाच यादीत नांदत असतात. पहिले दोन तर डोळ्यांना सारखेच दिसतात, तरी संगणकाच्या लेखी ते वेगळे असतात, आणि सभासदाने एक रूप शोधले तर दुसऱ्या रूपातली पुस्तके ‘उपलब्ध नाहीत’ असे उत्तर मिळते. यादी तयार होताच अशी सर्व रूपे एका रूपात आणावीत आणि शोधपेटीलाही तेच करण्यास संकेतस्थळ बांधणाऱ्याला सांगावे.

लेखकांच्या आद्याक्षरांचेही तसेच. एकाच लेखकाचे नाव कुठे आडनाव आधी, कुठे आद्याक्षरे जोडून, कुठे मध्ये जागा सोडून लिहिलेले असते. एकच पद्धत ठरवावी. आडनाव आधी ही वाचनालयांची रूढ पद्धत उत्तम. त्याशिवाय प्रत्येक नोंदीला शीर्षक व लेखक यांचे रोमन लिपीतील रूप देणारा एक रकाना जोडावा, कारण फोनवर देवनागरी टंकण्याचा कंटाळा करणारे सभासद मराठी पुस्तकाचे नाव इंग्रजी कळफलकावरच लिहितात. हे काम मोठे आहे, यात शंका नाही. पण एखाद्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना नमुना आणि नियम लिहून दिले, तर ते टप्प्याटप्प्याने होते.

यादी कशात ठेवावी, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम. कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त संगणकप्रणाली पूर्ण क्षमतेची आहे, मात्र तिच्यासाठी सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ई-ग्रंथालय ही प्रणालीही आहे. पाच-सात हजार ग्रंथांच्या वाचनालयाने यापैकी काही झेपत नसेल, तर दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकार व रोमन रूप एवढ्या रकान्यांचा तक्ता आणि त्यावर एक साधी शोधपेटी यांवरही उत्तम भागते. पुस्तक सध्या कोणाकडे गेले आहे हे रोज भरणे शक्य नसेल, तर ती सोय दाखवूच नये. चुकीची उपलब्धता वाचून पाऊसपाण्यात आलेला सभासद पुन्हा संकेतस्थळ उघडत नाही.

दिसणे आणि वेग

याबाबत थोडक्यात. सभासद बहुधा स्वस्त फोनवर, कमकुवत जोडणीवर पान उघडणार, हे गृहीत धरावे. फोनने काढलेले छायाचित्र सहज चार-पाच एमबीचे असते. ते सुमारे १,२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी प्रकारात जतन केले की दीडदोनशे केबीत बसते आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. आपोआप सरकणारी छायाचित्रांची पट्टी काढून टाकावी. ती मंडळाला फार आवडते आणि सभासद तिच्याकडे पाहतही नाहीत. टंक म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ विनामूल्य वापरता येतो. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्याने दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट ठेवावे. फिकट करड्या अक्षरांचा सोस टाळावा, कारण ज्येष्ठ सभासदच सर्वांत निष्ठावान असतात. पानाची भाषा मराठी असल्याची खूण पानाच्या मूळ संकेतात (कोडमध्ये) अवश्य द्यावी. अंध वाचकांसाठी मजकूर वाचून दाखवणारी साधने तिच्यावरूनच उच्चार ठरवतात.

देणगी आणि खासगी माहिती

देणगीच्या पानावर बँकखात्याचा तपशील, प्राप्तिकरातील सवलत मिळते की नाही, आणि पावती किती दिवसांत मिळेल हे स्पष्ट लिहावे. यूपीआयचा क्यूआर कोड देताना त्याखाली यूपीआय आयडी अक्षरांतही द्यावा, कारण फोनवर पान पाहणारा त्याच फोनच्या पडद्यावरील कोडसमोर कॅमेरा धरू शकत नाही. गावातून अमेरिकेत किंवा आखातात गेलेली मंडळी आपल्या जुन्या वाचनालयाला मदत करू इच्छितात, आणि तिथे एक कायदेशीर भेद पाळावाच लागतो. परदेशी राहणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. मात्र परकीय नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी, तिच्याकडे ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड असले तरी, विदेशी अंशदानच ठरते आणि २०१० च्या विदेशी अंशदान कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज ती घेता येत नाही. हा खुलासा पानावरच असला, म्हणजे पैसे परत पाठवण्याची नामुष्की टळते.

वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित जमाखर्च अवश्य ठेवावेत. शासनमान्य वाचनालयांना ते तयार करावेच लागतात आणि देणगीदाराचा विश्वास मनोगतापेक्षा त्यांवर बसतो. याउलट सर्वसाधारण सभेच्या सूचनेला जोडून सभासदांची नावे, पत्ते व भ्रमणध्वनी असलेली मतदार यादी संकेतस्थळावर टाकण्याची पद्धत ताबडतोब बंद करावी. सभासदांनी ती माहिती पुस्तके घेण्यासाठी दिलेली असते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे ही केवळ शिष्टाचाराची बाब राहिलेली नाही.

चालू संकेतस्थळाची दुरुस्ती

संकेतस्थळ आधीच असेल, तर नवे बांधण्यापूर्वी ते तपासावे. संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या एखाद्या सभासदाच्या हाती फोन देऊन ‘गुढीपाडव्याला देवघेव चालू आहे का, ते शोधा’ असे सांगावे आणि शेजारी बसून, एक शब्दही न बोलता पाहावे. तो कुठे अडखळतो, ते कागदावर टिपावे; दोघातिघांच्या चाचणीतच दुरुस्तीची यादी तयार होते. गूगल नकाशावरील वाचनालयाची नोंद संस्थेच्या ताब्यात घेऊन तिथली वेळही जुळवावी, कारण बरेच लोक संकेतस्थळापर्यंत पोहोचतच नाहीत. सर्च कन्सोल हे गूगलचे विनामूल्य साधन जोडले, तर लोक कोणते शब्द शोधून आपल्यापर्यंत येतात, ते कळते.

सुट्ट्या, नवी पुस्तके आणि व्याख्यानमालेची सूचना बदलण्याचे काम एकाच कर्मचाऱ्याकडे नेमून द्यावे आणि त्याला ते फोनवरून करता आले पाहिजे, ही अट बांधणाऱ्यासमोर सुरुवातीलाच ठेवावी. ‘ताज्या घडामोडी’ या सदरात दोन वर्षांपूर्वीचा ग्रंथदिन दिसत असेल, तर ते सदरच काढावे. जुन्या संकेतस्थळावरून नव्यावर जाताना प्रत्येक जुन्या पानाचा पत्ता नव्या पानाकडे कायमचा वळवून घ्यावा. संस्थेचा पत्ताच बदलला असेल, तर जुना पत्ताही काही वर्षे नूतनीकृत करीत राहावे, कारण तो सभासदपत्रिकांवर, इमारतीच्या फलकावर आणि पावतीपुस्तकांवर छापलेला असतो, आणि वाचनालयाची पावतीपुस्तके लवकर संपत नाहीत.