पार्किन्सन्सच्या गोळ्या सुरू झाल्यावर माणूस बदलल्यासारखा वाटतोय? मग हे करा

बाबांना पार्किन्सन्स होऊन चारेक वर्षं झाली होती तेव्हा घरी पार्सलं यायला लागली. आधी टॉर्च, मग घड्याळं, मग परत टॉर्च. डिलिव्हरीवाला पोरगा "काकू, आज तीन आहेत" म्हणायचा आणि आई डाळीच्या डब्यातले पैसे काढून द्यायची, आम्हाला काही सांगायची नाही. जन्मभर काटकसर केलेला माणूस, आम्हाला वाटलं आता रिटायर झाल्यावर हौस भागवतायत. यात सात महिने गेले आणि एक एफडी मोडली. पार्किन्सन्सच्या गोळीने अशी न आवरणारी ओढ लागू शकते हे गोळी सुरू करताना आम्हाला कुणी बोललंच नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी घरातली औषधाची पट्टी हातात घ्या आणि नाव वाचा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल किंवा अंगाला चिकटवायचा रोटिगोटिनचा पॅच असेल तर लक्ष ठेवायलाच हवं. यांना डोपामिन अ‍ॅगोनिस्ट म्हणतात, म्हणजे मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणारी औषधं. पार्किन्सन्समध्ये हालचाली सांभाळणाऱ्या भागात डोपामिन खूप कमी पडतं, पण 'मजा आली, परत कर' म्हणणारा मेंदूचा भाग त्यामानाने बरा असतो, आणि हातपाय चालावेत म्हणून दिलेलं औषध तिथे जास्तीचं होतं. अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 पेशंटच्या, 2010 साली छापून आलेल्या अभ्यासात ही औषधं घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्के लोकांना जुगार, खरेदी, खाणं किंवा सेक्स यातली एखादी तरी गोष्ट आवरत नव्हती, न घेणाऱ्यांत हेच 6.9 टक्के होतं. म्हणजे नुसत्या लिवोडोपावरही (पार्किन्सन्सचं नेहमीचं मुख्य औषध) होऊ शकतं, पण कमी. वय कमी असेल, पूर्वी दारू-जुगाराची सवय असेल किंवा घराण्यात कुणाला असेल तर धोका जास्त. आणि हे गोळी सुरू केल्यावर लगेच दिसेल असं नाही, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी, कधी डोस वाढवल्यावर सुरू होतं.

काय बघायचं? मोबाइलवर रमी, लॉटरी, शेअरमध्ये रोज उलाढाल. न लागणाऱ्या वस्तू. रात्री उठून फ्रीजमधलं गोड संपवणं. एकच काम तासन् तास करत बसणं, याला पंडिंग म्हणतात. बाबा रात्री दोन वाजता जुना मिक्सर उघडून स्क्रू लोणच्याच्या बरण्यांत साइजप्रमाणे लावायचे, सकाळी सगळे ओतायचे आणि परत लावायचे, आणि मध्ये बोललं की चिडायचे. अजून एक, गोळी वेळेच्या आधी मागणं किंवा लपवून जास्तीची घेणं. पट्टीतल्या गोळ्या मोजत जा, ते सोपं पडतं.

आता जी गोष्ट आपल्याकडे कुणीच बोलत नाही ती. सेक्सची इच्छा एकदम वाढते, नवरा रात्र-रात्र मागे लागतो, मोबाइलवर नको ते बघत बसतो, आणि बायको साठीची, ती हे मुलांना काय सांगणार आणि जावयाला काय सांगणार. बायका वर्षानुवर्षं सोसतात. काकू, तुम्ही हे वाचत असाल तर एक चिठ्ठी लिहा, 'गोळी वाढवल्यापासून हा त्रास सुरू झालाय' एवढंच, आणि डॉक्टरांच्या हातात द्या. न्यूरोलॉजिस्टसाठी हा औषधाचा साइड इफेक्ट आहे, तुमच्या घराच्या अब्रूचा प्रश्न नाही. आणि नको असेल तेव्हा नाही म्हणायचा, वेगळ्या खोलीत झोपायचा हक्क तुम्हाला आहेच, आजारपण आहे म्हणून तो जात नाही.

पेशंटशी बोलताना "तुम्ही असं का करता" नको. आम्ही ते केलं आणि बाबा पंधरा दिवस बोलले नाहीत. "या गोळीने काही जणांना खरेदीची ओढ लागते म्हणे, तुम्हाला तसं होतंय का?" असं विचारलं तेव्हा ते रडले आणि म्हणाले, कळतं गं, पण राहवत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकदम बंद केली तर अंग कडक होऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, गरज पडली तर लिवोडोपा वाढवतात. उतरवतानासुद्धा काहींना घाबरल्यासारखं होतं, घाम फुटतो, उदास वाटतं, तीच गोळी हवीहवीशी वाटते. हे दिसलं की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करा, आणि जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असतील तर एकटं सोडू नका, सरकारी टेली मानसचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो. सोबत समुपदेशनाचाही उपयोग होतो, विशेषतः विचार आणि सवयींवर काम करणाऱ्या सीबीटीचा.

ओढ कमी व्हायला वेळ लागतो, तोवर पैसे सांभाळा, पण त्यांच्याशी बोलून, चोरून नाही. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, क्रेडिट कार्ड बंद करा, एफडी दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही अशी करून घ्या, मोबाइलमधून कर्ज देणारी अ‍ॅप काढा. बाबांना आम्ही आठवड्याला ठरावीक रक्कम रोख द्यायचो, हिशेब मागायचो नाही. खिशात स्वतःचे पैसे असले की माणसाचा मान राहतो.

आणि फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने औषधाचं नाव, डोस आणि काय त्रास झाला ते लिहून ठेवा. डॉक्टर बदलले, गाव बदललं, किंवा उद्या पाय वळवळतात म्हणून दुसऱ्या कुणी तेच प्रामिपेक्सोल लिहून दिलं, तर ते पान आधी दाखवायचं.