जोडीनं हलणारे रँडम आकडे कसे काढायचे

कापसाच्या पाणी-ताळेबंदाचं मॉडेल चालवायचं तर आधी प्रत्येक शेताच्या मातीला आकडे द्यावे लागतात. त्यातले दोन महत्त्वाचे: वाफशाला मातीत पाणी किती, आणि झाड कायमचं कोमेजतं तेव्हा उरतं किती. दोन्ही चिकणमातीच्या प्रमाणावर ठरतात, म्हणून एक वाढला की दुसराही वाढतो. तरी बरेच जण दोन्ही स्वतंत्र काढून मोकळे होतात.

समजा, काळ्या जमिनीत वाफशाचं पाणी सरासरी ३८ टक्के, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) ४. कोमेजण्याच्या वेळचं २२ आणि ३. पिकाच्या कामाचं पाणी म्हणजे यांतला फरक, सरासरी १६. आकडे स्वतंत्र घेतले तर या फरकाचं विचलन ५ येतं, सहसंबंध (दोन्ही किती जोडीनं हलतात त्याचं माप, जास्तीत जास्त १) ०.८ धरला तर जेमतेम २.४. ऑगस्टात पावसानं उघडीप दिल्यावर मॉडेल उत्पादनाचा जो पसारा दाखवतं, त्यातला बराचसा असा आपणच घातलेला असतो.

एक्सेलमध्ये दोन रकान्यांत नॉर्म.एस.इन्व्ह(रँड()) भरा; त्यातून सरासरी ० आणि विचलन १ असलेले रँडम आकडे येतात. त्यांना य आणि र म्हणू.

वाफशाचं पाणी = ३८ + ४ × य
कोमेजतानाचं पाणी = २२ + ३ × (०.८ × य + ०.६ × र)

०.६ कुठून आलं? १ वजा ०.८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. ते विसरून र तसाच मिसळलात तर ३ चं विचलन ३.८ होऊन बसतं.

दोनाहून जास्त गुणधर्म असतील तर चोलेस्कीची पद्धत वापरा; ती सहसंबंधांच्या तक्त्यावरून वरच्या ०.८ आणि ०.६ सारखे गुणक काढून देते. नमपायमध्ये (पायथनच्या गणिती लायब्ररीत) ती तयार मिळते. (हा चोलेस्की फ्रेंच सैन्यातला भूमापन अधिकारी. १९१८ मध्ये युद्धात गेला, पद्धत छापून आली १९२४ मध्ये.) इथे गणित अडलं तर प्रोग्रॅमला दोष देऊ नका, सहसंबंधांचा तक्ता बघा. क-ख ०.९ आणि क-ग ०.९ असेल तर ख-ग ०.६२ च्या खाली जाऊच शकत नाही. वेगवेगळ्या अहवालांतून एकेक आकडा उचलला की हे हमखास होतं.

पाणी झिरपण्याच्या वेगासारखा लॉग-नॉर्मल (ज्याचा लॉग घेतला की नॉर्मल वाटप मिळतं असा) गुणधर्म असेल तर घातांक घेतल्यावर नेहमीचा सहसंबंध घसरतो. तिथे मी स्पिअरमनचा, म्हणजे क्रमांकांवरचा सहसंबंध बघते. तो हलत नाही.

शेवटी एक्सेलचं सहसंबंध काढणारं कोरेल फंक्शन लावून तपासा. ५० शेतांत ०.७ ते ०.९ मधलं काहीही आलं तरी चालेल. आणि आकडे फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करून ठेवा, नाहीतर फाईल उघडली की रँड सगळी माती नव्यानं बदलतो.