कंडोम वाटले, पण वापरले का? वस्तीत काम करताना या चुका टाळा

सांगलीच्या गोकुळनगरात, म्हणजे देहविक्रीच्या वस्तीत, एचआयव्ही रोखण्याच्या कामासाठी नवीन कार्यकर्ता आला की घरोघरी पाकिटं देतो, रजिस्टरात आकडा भरतो आणि काम झालं असं समजतो. तो आकडा वाटपाचा असतो. कालच्या शेवटच्या गिऱ्हाइकाबरोबर वापरला का, नसेल तर काय आडवं आलं, हे विचारायला हवं. खरं उत्तर धंद्यातल्याच बाईने विचारलं तर मिळतं. सांगलीत संग्राम संस्थेने 1992 पासून हीच वाट धरली, आणि त्यातूनच पुढे बायकांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली.

सगळ्यात मोठी चूक होते ती मालकाच्या बाबतीत. मालक म्हणजे तिचा कायमचा माणूस. गिऱ्हाइकाला ठणकावून नाही म्हणणारी बाई त्याच्यापुढे गप्प बसते, कारण कंडोम गिऱ्हाइकासाठी आणि मालक आपला, अशी तिच्या मनात विभागणी असते. तिथे कंडोम काढला तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. अशा वेळी तिला रागावू नका. एवढं नाजूक नातं आपल्या भाषणाने बदलत नाही. मालकाशी वेगळं बोला, दोघांनी मिळून एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी असं सुचवा. अहवाल निगेटिव्ह आला तरी कंडोम सोडायचा नाही, कारण नुकतीच झालेली लागण तपासणीत दिसत नाही.

जादा पैसे देऊन कंडोम नाकारणारा गिऱ्हाईक एका दारातून परतला तर शेजारच्या दारात जातो. एकट्या बाईला समजावून हे थांबत नाही, अख्ख्या गल्लीने आणि घरवालीनेही (कुंटणखाना चालवणारी बाई) एकच नियम पाळायला हवा.

कंडोम फाटतो अशी तक्रार आली की आधी तेलाचं विचारा. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं, म्हणून पाण्यावर आधारित जेलीच द्या. एकावर एक दोन घातले तर घासून फाटतात. पाकीट दातांनी फोडू नये, टोक चिमटीत धरून हवा काढावी. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत छताजवळ ठेवलेली पाकिटंही तापून खराब होतात.

फाटलाच तर साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुऊ नये, त्वचेला इजा होऊन धोका वाढतो. शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त 72 तासांच्या आत, सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपीची, म्हणजे संपर्कानंतर एचआयव्हीची लागण टाळणारी, औषधं सुरू करावीत. ती 28 दिवस घ्यायची असतात. रात्री कुठे जायचं आणि सोबत कोण येणार, हे तिच्याशी आधीच ठरवून ठेवा.

पोलिसांच्या भीतीने कंडोम लपवणाऱ्या बायकांना 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश समजावून सांगा: कंडोम वापरणं हा गुन्हा नाही आणि गुन्ह्याचा पुरावाही नाही. काही शंका असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करता येतो, तो मोफत आहे.