वेडिंग प्लॅनरची फी: टक्का कशावर, ते आधी विचारा

जळगाव-धुळ्याकडे सुपारी फुटली की हल्ली चार दिवसांत प्लॅनरचा विषय निघतो. त्याच्याकडे गेलं की पहिला आकडा टक्क्यात येतो: दहा, बारा, कधी पंधरा. बाराचे दहा करून घेतले की जिंकल्यासारखं वाटतं, पण खरा पैसा तिथे नाही. हा टक्का कशावर लागणार, ते आधी विचारा.

समजा, लग्नाचा एकूण खर्च 12 लाख धरलाय. त्यात 3 लाखांचं सोनं आणि 1 लाखाचा बस्ता. प्लॅनरने सगळ्यावर दहा टक्के लावले तर फी झाली 1,20,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 21,600, म्हणजे 1,41,600. पण सोनं तुम्ही तुमच्या सराफाकडून घेणार आणि बस्त्याला घरचीच मंडळी जाणार. त्यात प्लॅनरचं काम काय? ते 4 लाख वगळा. उरलेल्या 8 लाखांवर फी 80,000, कर 14,400, एकूण 94,400. टक्का तोच राहिला आणि 47,200 रुपये वाचले. दक्षिणा, मानपान आणि आहेराची भांडीही याच हिशेबात वगळायला सांगा.

दुसरी गळती पॅकेजमध्ये असते. 'सगळं आमच्याकडे, एकच बिल' हे ऐकायला सोपं वाटतं. पण केटररने कार्यालयात येऊन जेवण दिलं आणि बिल थेट तुमच्या नावाने केलं, तर त्यावर साधारणपणे 5 टक्के जीएसटी लागतो. तेच जेवण प्लॅनरच्या पॅकेजमध्ये गेलं की सगळ्या बिलावर 18 टक्के. जेवणाचे 4 लाख धरले तर कर 20,000 ऐवजी 72,000. म्हणून मंडप, केटरर, फोटोवाला यांची बिलं तुमच्या नावाने घ्या, पैसेही त्यांनाच द्या आणि प्लॅनरला फक्त त्याची फी द्या. तो जीएसटी लावत असेल तर बिलावर त्याचा 15 अंकी नंबर हवा. नंबर नसेल तर त्याला कर घेताच येत नाही.

कमिशनचं काय? बहुतेक प्लॅनर मंडपवाल्याकडून आणि बँडवाल्याकडूनही काहीतरी घेतात. धंदा आहे, त्यात चोरी नाही. पण तुमच्याकडून टक्का आणि तिकडून कमिशन, असं दोन्हीकडून चालत असेल तर ते लपवून चालणार नाही. तपासायची सोपी रीत अशी: प्लॅनरने दिलेल्या यादीतल्या दोघा-तिघांना नातेवाइकाकरवी, त्याच तारखेचा आणि त्याच मापाचा भाव विचारा. मंडपाचा भाव चौरस फुटात घ्या, 'सेटअप'मध्ये नको. सेटअपची तुलना कशाशी करणार? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासची तारीख असेल तर भाव चढेच असतात, तेव्हा तुलनेलाही तीच तारीख हवी.

पूर्ण प्लॅनर प्रत्येकाला लागतोच असं नाही. लॉन्सवाल्याचाच मंडप, लाइट आणि केटरर असेल तर हळद आणि लग्न अशा दोन दिवसांची देखरेख ठरलेल्या रकमेत घ्या. तिथे टक्केवारी मान्यच करू नका. लग्न दोन गावांत विभागलेलं असेल, किंवा नवरीकडचे सुरतेहून आणि नवरदेवाकडचे भुसावळहून येणार असतील, तर पूर्ण प्लॅनरचे पैसे वसूल होतात.

पुण्या-नाशिकचा प्लॅनर आणणार असाल तर त्याच्या माणसांचा प्रवास, राहणं आणि जेवण कुणाकडे, हे आधी ठरवा. जास्त महत्त्वाचं म्हणजे त्याने वरण-बट्टीची पंगत कधी हाताळली आहे का ते विचारा. बट्टी तळून गरम वाढायची असते, वर तूप. गार झाली की दगड. बुफेच्या हिशेबाने माणसं लावली तर पहिली पंगत वांग्याच्या भाजीवर थांबते आणि बट्टी मागून येते. दर वीस पानांना एक वाढपी धरा: 200 च्या पंगतीला 10, शिवाय पाण्याला दोन वेगळे. हे वाढपी केटररच्या दरात आहेत की प्लॅनरच्या फीमध्ये, ते कागदावर हवं. नाहीतर दोघांच्याही बिलात येतात.

पानांची मोजणी घरच्या एका माणसाकडे द्या, त्या दिवशी दुसरं काम त्याला नको. पंगतीच्या ओळी गुणिले पानं, दर पंगतीला वहीत टिपायचं. बुफे असेल तर सुरुवातीला आणि शेवटी ताटांची थप्पी मोजायची. जनरेटरचं तसंच: भाडं वेगळं, डिझेल वेगळं. चालू करताना आणि बंद करताना अवर मीटरचा फोटो काढा. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात कूलर दुपारी लागतातच, तेव्हा ते तास आधीच अंदाजात धरा.

करारात आणखी तीन गोष्टी हव्यात. वळवाच्या वाऱ्याने मंडप पडला तर पुन्हा उभारायचा खर्च कुणाचा. मुहूर्त ढकलावा लागला तर इसारातलं किती परत. आणि हळदीच्या डीजेची परवानगी कोण काढणार. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावाच लागतो, नाहीतर पोलिस दारात येऊन उभे राहतात.

पैसे चार हप्त्यांत द्या: ठरवताना 20 टक्के, सगळ्यांचे इसार देऊन झाल्यावर 30, हळदीच्या आदल्या दिवशी 40. शेवटचे 10 टक्के हातात ठेवा. मंडप सुटला, कार्यालयाची अनामत परत आली आणि सगळ्यांच्या पावत्या जमा झाल्या की मगच ते द्या.