दोन टाक्यांची जुनी पिकअप चढाला बंद पडते? पंप खोलण्याआधी या चुका टाळा

गाडी चढाला धापा टाकायला लागली की मालक फोनवरच निकाल देऊन मोकळा होतो: "पंप गेलाय." इंजिनला दाबाने डिझेल देणारा हा पंप खरंच गेलेला क्वचित निघतो. डिझेल टाकीतून पंपापर्यंत नीट पोचत नसतं, आणि शिक्षा मात्र पंपाला होते.

आपल्याकडे बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपला बॉडीखाली दुसरी टाकी बसवलेली असते. उदगीर-देगलूरकडे तर कर्नाटकात भाव कमी दिसला की दोन्ही टाक्या तिकडूनच भरून आणतात. (टाकी बसवताना आरटीओची परवानगी बहुतेक कुणी घेत नाही, गाडीतल्या फेरफाराबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पासिंगच्या दिवशीच आठवतं.) खालचं सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेलच्या (एका सामायिक नळीत प्रचंड दाबाने डिझेल भरून ठेवणाऱ्या) नव्या गाडीचे हाय प्रेशर पाइप इंजिन चालू असताना सैल करायच्या भानगडीत अजिबात पडू नका. त्या प्रेशरची धार कातडी फाडून आत शिरते.

दुसरी टाकी असून तिला न विचारणं

टाक्या दोन, पंप एक. गाडी एका टाकीवर मरते आणि दुसरीवर लोडसकट घाट चढते, तर पंप निर्दोष. इतकं साधं निदान फुकटात मिळतं, पण लोकांना धीर नाही. कॉक (कुठल्या टाकीतून डिझेल घ्यायचं ते ठरवणारी तोटी) फिरवतात, सेल्फ मारतात, गाडी पुन्हा बंद, की लगेच "दोन्हीवर तेच आहे". अरे बाबा, पाइपात आणि फिल्टरच्या वाटीत अजून पहिल्याच टाकीचं डिझेल आणि हवा आहे! कॉक फिरवला की हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) मारून पाइपातली एअर पूर्ण काढा, काही किलोमीटर माल भरून चालवा, मग बोला.

केजकडची एक गाडी आठवते. बीडहून खत भरून मांजरसुंब्याचा घाट चढताना रस्त्यातच बंद पडायची. एअर काढली की चालू, थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच. मालकाने पंप दोनदा बेंचवर नेऊन ओव्हरहॉल केला होता, नोजलही बदलले होते. मी विचारलं, "बप्पा, टाकी भरलेली असताना कधी बंद पडली का?" बराच विचार करून म्हणाले, "नाही. निम्म्याच्या खाली गेल्यावरच पडती."

उत्तर तिथंच होतं. टाकीतला ओढपाइप बाहेर काढला. वरून नुसता गंजलेला दिसत होता. खालचं तोंड अंगठ्याने दाबून पाइप बादलीतल्या पाण्यात धरला आणि वरून फुंकलं, तर मधोमध गंजाच्या खपलीखालून बुडबुड्यांची बारीक माळ सुटली. सुईच्या टोकाएवढं छिद्र. डिझेल त्या छिद्राच्या वर असेपर्यंत गाडी राणीसारखी चालायची, पातळी खाली गेली की डिझेलऐवजी हवा ओढायची. दुसऱ्या टाकीवर ती एकदाही बंद पडली नव्हती, पण त्या टाकीत डिझेल "अडीअडचणीला" म्हणून राखून ठेवलेलं, त्यामुळं तपासायला कुणी वापरलंच नाही. ओव्हरहॉलच्या पैशात असे ढीगभर पाइप आले असते.

ओल दिसत नाही म्हणून गळती नाही, असं समजणं

पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल बाहेर येतं. पंपाच्या मागे, म्हणजे ओढीच्या बाजूला असेल तर हवा आत जाते आणि बाहेर कपडा कोरडा. दोन टाक्यांच्या गाडीत यातला मोठा चोर म्हणजे थ्री-वे कॉक. आतलं सील झिजलं की गाडी भरलेल्या टाकीवर असतानाही कॉक रिकाम्या टाकीतून हवा ओढत राहतो. माणूस दोन्ही टाक्यांचे पाइप बदलून थकतो. माझी सवय अशी: रिकाम्या टाकीकडचा पाइप कॉकवरून काढायचा आणि ते तोंड बूच मारून बंद करायचं. गाडी सुधारली, तर कॉक भंगारात.

तरीही शंका राहिली तर दोन्ही टाक्या बाजूला ठेवा. स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, पारदर्शक पाइप थेट फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणाऱ्या छोट्या पंपाला) जोडा, गाडी रेस करा. पाइपात बुडबुडे नाहीत आणि गाडी ओढते, म्हणजे दोष मागे आहे. ही तपासणी चहा उकळेपर्यंत होते, तरी नवी पोरं आधी पान्हा पंपालाच लावतात.

बाकीच्या चुका

टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र धुळीने बुजतं. झाकण सैल करताना फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली, तर तेच कारण.

फीड पंपाची जाळी कुणी काढून बघत नाही. बघा.

तांब्याचा जुना वायसर पुन्हा दाबून बसवायचा नाही. टेफ्लॉन टेप तर डिझेलच्या जोडाला नकोच, तिचे तुकडे पुढे जाऊन अडकतात.

डिझेलच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, टाकीत दांडी घालून बघा.

पाइप तोंडाने ओढू नका. डिझेल फुफ्फुसात गेलं की दवाखाना गाठावा लागतो.

रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल परत टाकीत नेणारा) कुठल्या टाकीत सोडलाय ते बघा. ओढ दुसऱ्या टाकीतून आणि रिटर्न पहिल्या टाकीत असेल, तर दुसरी हिशेबाआधी संपते आणि भरलेली पहिली रस्त्यावर सांडते. मग ड्रायव्हरवर डिझेल चोरीचा आळ येतो.

पंप खरंच गेला असेल तर

कॅनवरही गाडी ओढत नाही, प्रायमर मारून कडक होत नाही किंवा इंजिन ऑइलची पातळी वाढून त्याला डिझेलचा वास येतोय, तर आता पंपाकडे वळा. त्यातही आधी फीड पंप, मग मोठा. मोठा पंप उतरवण्याआधी त्याच्या फ्लँजवर (बोल्टने इंजिनला बसणाऱ्या कडेवर) आणि इंजिनच्या प्लेटवर छिन्नीने एक सरळ खूण करा. खूण न करता काढलेला पंप परत बसवला की टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, हुकतं, गाडी खडखडते नाहीतर पांढरा धूर सोडते, आणि मालक पुन्हा फोन करून म्हणतो, "पंप गेलाय."