कोकणातल्या ग्रामपंचायतीने कचऱ्याचं अनुदान कसं मिळवावं

घनकचऱ्याचा प्रस्ताव करायचा म्हटलं की आधी अंदाजपत्रकाची धावपळ सुरू होते. कोकणात सुरुवात जागेपासून करावी. इथे प्रस्ताव अडतो तो बहुधा सातबाऱ्यावर.

तरी आधी पैशांचा अंदाज घेऊ. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) चा दुसरा टप्पा २०२०-२१ मध्ये सुरू झाला. त्याच्या निकषांप्रमाणे घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत रक्कम धरता येते. त्यातले ७० टक्के मिशनचे, ३० टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. दीड हजार वस्तीच्या गावाला ९० हजार रुपये: ६३ हजार मिशनचे, २७ हजार आपले. रक्कम छोटी आहे, आणि वाड्यावाड्यांवर फिरून कचरा उचलणाऱ्याचा महिन्याचा पगार तिच्यातून निघणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ मार्च २०२६ पर्यंतचाच होता. तेव्हा पंचायत समितीच्या गट संसाधन केंद्रातून चालू वर्षाचं परिपत्रक घ्या. शेजारच्या गावाच्या जुन्या प्रस्तावाची नक्कल करू नका.

जागा

घाटावर गायरान असतं, आपल्याकडे बहुतेक जमीन खासगी आणि सामाईक. एका सातबाऱ्यावर वीसेक नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन-चार वारलेली आणि वारस नोंद न झालेली. "वापरा हो, आम्हाला काय करायचंय त्या कातळाचं" या तोंडी परवानगीवर कचऱ्याची शेड बांधू नका. पुढच्या पिढीतला एखादा पुतण्या हरकत घेतोच. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्यांचं बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि फेरफार होऊन ग्रामपंचायतीचं नाव सातबाऱ्यावर लागलं की मगच पुढे जा. सह्या गोळा करायला गणपती किंवा शिमगा गाठावा. चाकरमानी तेव्हाच एकत्र भेटतात.

किनाऱ्यावरच्या गावांनी सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) हद्द तपासावी, तिथे कचरा टाकायला बंदी आहे. विहिरी आणि वहाळापासूनही लांब राहा, कारण जांभ्यातून पाणी झिरपतं आणि खतखड्ड्याचा निचरा कुणाच्या तरी विहिरीत उतरतो.

ठराव

ग्रामसभेआधी महिला सभा घ्या. कचरा कधी, कुठे आणि कुणाकडे द्यायचा हे तिथेच खरं ठरतं. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या हजर हवी. ठरावात सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर, शेड कोण चालवणार (बचत गट असेल तर त्याचं नाव) आणि दरमहा घरटी किती शुल्क, हे स्पष्ट लिहा. शुल्काचा विषय निवडणुकीच्या तोंडावर कुणालाच नको असतो. पण तो टाळला तर शेडमध्ये वर्षभरात जुनी खुर्च्या-टेबलं जमा होतात. होमस्टे, हॉटेलं आणि मच्छीमार सोसायटीला वेगळा दर लावा. पर्यटकांच्या बाटल्या आणि फाटकी जाळी हा घरटी कचरा नव्हे.

जुना ठराव "ओला आणि सुका" एवढ्यावरच थांबलेला असेल तर तो बदला. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेले नवे घनकचरा नियम ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग करायला सांगतात. डायपर-पॅड आणि संपलेल्या सेल-ट्यूबलाइट यांना शेडमध्ये स्वतंत्र कप्पे दाखवावे लागतील.

काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्या आणि ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढवा. आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा हिस्सा खर्च करता येत नाही.

अंदाजपत्रक

ते अभियंत्याने करायचं, पण त्याला दोन गोष्टी ग्रामपंचायतीनेच सांगाव्यात. खतटाकीवर छप्पर हवं. उघड्या नॅडेप टाकीत (विटांच्या जाळीदार खतटाकीत) आपल्या पावसात खत होत नाही, काला होतो. आणि खाऱ्या वाऱ्यात साधा लोखंडी पत्रा लवकर गंजतो, त्यामुळे छपराचं साहित्य तसं निवडा. नारळाच्या झावळ्या आणि सोडणं (वरची सालं) टाकीत टाकायची तर आधी तुकडे करावे लागतात, एरवी ती वर्षानुवर्षं तशीच राहतात.

प्लॅस्टिकचं यंत्र गावासाठी मागू नका. त्यासाठी तालुक्याला एक प्रकल्प आणि १६ लाखांपर्यंत तरतूद अशी सोय आहे. आपलं प्लॅस्टिक तिथे किती दिवसांनी आणि कुणाच्या गाडीतून जाणार, हे लेखी ठरवून कागद प्रस्तावाला जोडा. काय जमू शकतं ते पाहायला सदस्यांना एकदा वेंगुर्ल्याला न्या. नगरपरिषदेने जुन्या कचरा डेपोच्या जागी वर्गीकरण आणि बायोगॅस उभा केला आहे. ती नगरपरिषद आहे, तिच्याएवढा खर्च आपल्याला पेलणार नाही, पण वर्गीकरणाची शिस्त उचलता येते.

तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता डिसेंबरपर्यंत हातात आली तर पाया पावसाआधी होतो. एप्रिलमध्ये आली तर घाई करू नका, चिरा आणून ठेवा आणि दसऱ्यानंतर काम काढा. मधल्या महिन्यांत घरोघरी वर्गीकरण सुरू करून शुल्काच्या पावत्या फाडायला लागा.