अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी ॲक्टिव्हिटीजची यादी लिहिताय? या चुका टाळा

जेईई, नीट किंवा सीईटी देणाऱ्या मुलाला तबला येतो का, असं कुणी विचारत नाही. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, येल मात्र विचारतात, आणि तिथे शंभरातले पाच अर्जदारही निवडले जात नाहीत. म्हणून मग पुण्या-मुंबईतल्या काय किंवा न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या काय, कितीतरी मराठी घरांत आठवी-नववीपासूनच धास्ती सुरू होते. रोबोटिक्स, डिबेट, ऑलिंपियाड, एखादा एनजीओ, सगळं एकदम. मूल दमून जातं, आणि एवढं करूनही अर्जातली यादी पोकळच वाटते. हे टाळता येण्यासारखं आहे.

गुण कमी, म्हणून ॲक्टिव्हिटीजचा भराव

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. आधी पाहिले जातात नववी ते बारावीचे गुण, आणि शाळेत मिळत होते त्यातले अवघड विषय मुलाने घेतले की नाही. तिथे अर्ज टिकला, तरच यादीला वजन येतं. ते वजनही सगळीकडे सारखं नसतं. बरीचशी अमेरिकन विद्यापीठं दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची माहिती वेबसाइटवर टाकतात. त्यातला सी-७ हा तक्ता उघडा. शालेय गुण, निबंध, शिफारसपत्रं, अभ्यासेतर उपक्रम, नोकरीचा अनुभव अशा प्रत्येक बाबीपुढे ‘फार महत्त्वाची’पासून ‘विचारात घेत नाही’पर्यंत चारांपैकी एक खूण केलेली असते. जिथे अर्ज करायचाय त्या प्रत्येक विद्यापीठाचा हा तक्ता पाहायला एक संध्याकाळ पुरते. क्लासेसवर हजारो रुपये घालण्याआधी ती संध्याकाळ द्या.

दहा रकाने आहेत म्हणून दहा भरायचे

एकच अर्ज अनेक विद्यापीठांना पाठवायची ऑनलाइन सोय म्हणजे कॉमन ॲप. त्यात जास्तीत जास्त दहा ॲक्टिव्हिटीज लिहिता येतात. ही वरची मर्यादा आहे, पण आपल्याकडे ती किमान अट असल्यासारखी पाळली जाते. एमआयटीचा अर्ज वेगळा असतो आणि तिथे फक्त चार विचारतात. एका दिवसाच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र, एकदाच केलेली समुद्रकिनाऱ्याची सफाई, पाचवीतली स्कॉलरशिप परीक्षा यांनी रकाना भरतो, इतकंच. नववीच्या आधीचं तर त्या यादीत येतच नाही.

याच्या उलट एक चूक खास आपल्या घरांतली आहे. “दहावीचं वर्ष आहे, तबला बंद.” मग अकरावी-बारावीत जेईईची बॅच, तेव्हा तर प्रश्नच नाही. अर्जात प्रत्येक ॲक्टिव्हिटीपुढे ती कोणकोणत्या इयत्तांत केली हे नोंदवावं लागतं. सहा वर्षं मन लावून शिकलेल्या मुलीपुढे तिथे एकट्या नववीची खूण उरते. क्लास आठवड्यातून तीनदाचा एकदावर आणा, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी घ्या, पण सोडू नका. मुलाला मनापासून आवडणारी गोष्ट दहावीच्या नावाखाली तोडणं मला एरवीही पटत नाही. इथे तर त्याचं थेट नुकसान होतं.

दीडशे अक्षरांत गुळगुळीत वाक्यं

वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. पद आणि संस्थेच्या नावाला वेगळे रकाने आहेत, म्हणून ते वर्णनात पुन्हा लिहू नका. ‘संघभावना शिकलो, नेतृत्वगुण वाढले’ हे तर मुळीच नको, कारण ते कुणीही कशाबद्दलही लिहू शकतं.

ढोल-ताशा पथकाचंच घ्या. ‘पथकात सहभाग, संस्कृतीचं जतन’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. त्याऐवजी: ‘गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ढोलवादन, नव्या वादकांना ताल शिकवतो, सरावाआधी ढोल ताणणे, हजेरी ठेवणे माझ्याकडे.’ हा मुलगा तिथे नेमकं काय करतो ते आता दिसलं. मग तास तपासा. अर्जात आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे वेगवेगळे विचारतात. पथकाचा सराव हंगामी असतो, तेव्हा ५२ आठवडे लिहू नका. असतील ते आठ-दहाच लिहा. शेवटी सगळ्या ॲक्टिव्हिटीजचे तास एका कागदावर मांडून बेरीज करा. शाळा, अभ्यास आणि झोप धरून ती बेरीज आठवड्यात मावत नसेल, तर वाचणाऱ्याच्याही ते लक्षात येईल.

गाण्या-वाजवण्याच्या परीक्षांचंही असंच होतं. नुसतं ‘मध्यमा पूर्ण’ लिहून अमेरिकेतल्या माणसाला काय कळणार? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात आहेत आणि ही त्यातली पाचवी, एवढं सांगितलं की पुरे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा, एनसीसीचं प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती यांच्याबाबतही कोण घेतं आणि कोणत्या पातळीवर, हे दोन-चार शब्दांत सांगा.

घरचं काम लपवणं

मला सगळ्यांत जास्त कळकळीने लिहायचंय ते याबद्दल. निफाडकडच्या द्राक्षबागेत एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीत राबणारा मुलगा, अंथरुणाला खिळलेल्या आजीचं रोजचं सगळं करणारी मुलगी, संध्याकाळी वडिलांच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसणारा भाऊ. ही मुलं म्हणतात, “माझ्याकडे ॲक्टिव्हिटी काहीच नाही.” आणि पालकांना हे लिहायची लाज वाटते.

कॉमन ॲपच्या ॲक्टिव्हिटीजच्या प्रकारांतच कौटुंबिक जबाबदाऱ्या आणि पगारी काम हे दोन्ही आहेत. प्रवेश देण्याच्या पद्धतीवरून हार्वर्डवर चाललेल्या खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये झाली, तेव्हा त्यांची अर्ज वाचण्याची अंतर्गत पद्धत उघड झाली. अभ्यासेतर उपक्रमांना तिथे १ ते ६ असे आकडे दिले जात. १ म्हणजे सर्वोत्तम, आणि ४ म्हणजे सहभाग जवळपास नाहीच. पण ५ हा आकडा त्याहून वाईट असा नव्हता. घरची जबाबदारी किंवा शाळा सांभाळून केलेली नोकरी यात ज्यांचा वेळ गेला, त्यांच्यासाठी तो राखलेला होता. म्हणजे हे काम मोजायला तिथे ठरलेली जागा होती. तेव्हा तास आणि काम नेमकं लिहा: कुणाची औषधं, किती मजूर, कोणता हिशोब. दया यावी म्हणून मात्र काही लिहू नका. जे केलं त्यातच पुरेसं बळ आहे.

विकत घेतलेली चमक

अकरावीत स्थापन झालेला एनजीओ, चकचकीत वेबसाइट, अध्यक्षपदी मुलगा आणि सगळं काम बाबांच्या ऑफिसात. अशा संस्था प्रवेश अधिकाऱ्यांना नवीन नाहीत. गावात वाचनालय किंवा वस्तीत अभ्यासिका आधीच चालू असेल तर तिथे जा आणि दोन वर्षं टिका. तुमच्या असण्याने तिथे काय बदललं, हे एका वाक्यात सांगता आलं म्हणजे झालं.

मोठ्या विद्यापीठाच्या नावाने भरणारी, भरमसाट फीची उन्हाळी शिबिरं पुष्कळ आहेत. मूल तिथे काही शिकत असेल तर खुशाल पाठवा, पण फी भरली म्हणून त्याच विद्यापीठात प्रवेश सोपा होत नाही. खरोखर कठीण निवड असलेला एमआयटीमधला आरएसआय हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम तर निवडलेल्यांकडून शिकवणीचे पैसेही घेत नाही. दुसऱ्याकडून लिहून घेतलेला ‘शोधनिबंध’ याहून वाईट. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत उघडकीला आलेल्या प्रवेश घोटाळ्यात कधी न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवलं गेलं होतं. सूत्रधार रिक सिंगरला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. अर्जावर माहिती खरी असल्याची सही तुमच्या मुलाची असते, आणि खोटेपणा नंतर कळला तरी मिळालेला प्रवेश जातो.

शिक्षकांना काहीच माहीत नसणं

आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजात ही अडचण नेहमीची. वर्गात शंभरावर मुलं, त्यामुळे शिफारसपत्र लिहिणाऱ्या सरांना मुलगा नावानेही आठवत नाही. यादीत एक आणि पत्रात दुसरंच येतं. जुलैमध्येच त्यांना भेटा, काय काय केलं त्याचं एक पान द्या, आणि त्यांच्याच विषयातली एखादी आठवण त्यांना करून द्या.

बारावीचा ऑगस्ट उजाडलाय आणि यादी तोकडी आहे

आता नवीन काही सुरू करू नका; शेवटच्या दोन महिन्यांतली धावपळ तारखांवरून कळते. जे आहे ते नीट मांडा. कॉमन ॲप १ ऑगस्टला खुलं होतं, अर्ली, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी भरायच्या अर्जांची मुदत बहुधा १ नोव्हेंबर असते, म्हणजे हातात वेळ आहे. सगळ्यांत महत्त्वाची ॲक्टिव्हिटी सर्वांत वर घ्या. निबंधात तीच गोष्ट सांगत असाल तर यादीत तिचे फक्त तपशील द्या. यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांना हीच यादी जशीच्या तशी चिकटवू नका. तिथे उपक्रम, पुरस्कार, नोकरी सगळं मिळून वीसपर्यंत नोंदी चालतात आणि वर्णनाला ३५० अक्षरं मिळतात. शिवाय सहसा ते शिफारसपत्रं मागत नाहीत आणि प्रवेशासाठी एसएटी या परीक्षेचे गुणही पाहत नाहीत, त्यामुळे संदर्भ समजावण्याचं काम तुमच्या शब्दांनाच करावं लागतं. दीडशे अक्षरांत कापावं लागलेलं ‘मध्यमा पूर्ण’चं स्पष्टीकरण तिथे सविस्तर लिहा.